‘कळवळा आला’ : शुभवर्तमानांतील एका ग्रीक क्रियापदाचा अर्थ

येशूचे जीवन सांगणाऱ्या नव्या करारातील चार शुभवर्तमानांपैकी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक वाक्य आहे: लोकसमुदायांना पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, कारण मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते गांजलेले व पांगलेले होते. उपासनेत हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकून कानाला इतके सवयीचे होते, की त्यातल्या ‘कळवळा आला’ या शब्दांपाशी आपण थांबत नाही. मूळ ग्रीकमध्ये या दोन शब्दांच्या जागी एकच क्रियापद आहे, ‘स्प्लांख्निझोमाइ’. उच्चारायला अवघड असलेले हे क्रियापद नव्या करारात केवळ १२ वेळा आले आहे, तरीही देव माणसाकडे कसा पाहतो याविषयी ख्रिस्ती श्रद्धा जे सांगते त्याचा गाभा त्यात साठलेला आहे असे मला वाटते.

हे क्रियापद ‘स्प्लांख्ना’ या नामापासून बनले आहे आणि त्या नामाचा मूळ अर्थ अगदी शारीरिक आहे. होमरच्या काव्यातील यज्ञांत पशूच्या मांड्यांची हाडे चरबीत गुंडाळून देवांसाठी जाळली जातात आणि यज्ञाला बसलेली माणसे सर्वांत आधी पशूच्या पोटातले भाग चाखतात. त्या भागांना स्प्लांख्ना म्हणत. त्यांत हृदय, यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे असे वरचे आणि मोलाचे अवयव येत. खालच्या आतड्यांसाठी ग्रीकमध्ये निराळा शब्द होता. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर वजडीपेक्षा कलेजी-गुर्दा हा अर्थ त्याला जवळचा आहे. मराठीतला ‘काळीज’ हा शब्दही असाच आहे: तो यकृतालाही लागू होतो, हृदयालाही आणि मायेलाही.

ग्रीक नाटककारांनी स्प्लांख्ना हे तीव्र भावनांचे स्थान मानले, पण तिथे ज्या भावना उसळतात त्या बहुधा संतापाच्या, वासनेच्या किंवा भयाच्या असतात. दयेशी या शब्दाचे नाते अभिजात ग्रीकमध्ये जुळलेले दिसत नाही. क्रियापदाची कथा तर आणखी विलक्षण आहे. मक्काबींचे दुसरे पुस्तक या ग्रीकमधील यहूदी इतिहासग्रंथात अंतियोख राजाने केलेल्या यहूद्यांच्या छळाचे वर्णन आहे. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमाराचा तो काळ. तिथे यहूद्यांना परक्या देवांच्या यज्ञातील पशूंचे अंतर्भाग बळजबरीने खायला लावले जात, आणि त्या खाण्यासाठी लेखकाने हेच क्रियापद वापरले आहे. ज्या शब्दाने एका पिढीला अपमान आणि जबरदस्ती आठवली असेल, तोच शब्द पुढे दोनेकशे वर्षांत शुभवर्तमानकारांनी येशूच्या अंतःकरणासाठी निवडावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

हा पालट घडला कसा, याचे उत्तर ग्रीसमध्ये सापडत नाही. ते हिब्रू भाषेत शोधावे लागते. हिब्रूत ‘रेखेम’ म्हणजे गर्भाशय, आणि त्याच धातूशी जोडलेला ‘रखमीम’ हा शब्द म्हणजे माया, करुणा. अरबीतून आपल्याकडे आलेले ‘रहम’ आणि ‘रहीम’ हे शब्द याच सेमिटिक धातूचे आहेत, त्यामुळे मराठी कानाला हे नाते अगदीच परके नाही. उत्पत्तीच्या ४३ व्या अध्यायात योसेफ अनेक वर्षांनी आपला सख्खा भाऊ बन्यामीन याला पाहतो, तेव्हा त्याचे रखमीम तापले असे हिब्रू मजकूर सांगतो आणि तो रडण्यासाठी आतल्या खोलीत निघून जातो. शलमोनापुढे एकाच बाळासाठी भांडणाऱ्या दोन स्त्रियांच्या गोष्टीत, तलवार आणली जाताच खऱ्या आईविषयी नेमका हाच वाक्प्रयोग येतो.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील यहूदी विद्वानांनी हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. त्या भाषांतराला सेप्टुआजिंट म्हणतात. योसेफाच्या प्रसंगी या भाषांतरकारांनी त्याची आतडी पिळवटली असे लिहिले, तर शलमोनापुढच्या आईचे गर्भाशय ढवळून निघाले असे म्हटले. नीतिसूत्रांच्या १७ व्या अध्यायातील पाचव्या वचनात तर त्यांच्या ग्रीक पाठात एक ओळ जास्तीची आहे, जी आपल्याला मिळालेल्या हिब्रू मजकुरात नाही: जो कळवळा बाळगतो त्याच्यावर दया केली जाईल. तिथे स्प्लांख्निझोमाइचेच एक उपसर्गयुक्त रूप आले आहे. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या तोंडी हा शब्द असा हळूहळू मायेकडे वळत गेला, आणि शुभवर्तमाने लिहिली जाईपर्यंत त्याचा नवा अर्थ पक्का झाला होता.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. शब्दाचा मूळ अर्थ पोटातल्या अवयवांचा आहे म्हणून तो वापरताना प्रत्येक लेखकाच्या डोळ्यांसमोर ते अवयवच होते असे म्हणता येत नाही. आपण ‘हृदयद्रावक’ म्हणतो तेव्हा वितळणारे हृदय कोणी पाहत नाही. तरीही हा शब्द पुरता झिजलेला नव्हता, याचा एक पुरावा लूकच देतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात यहूदाच्या मृत्यूचे वर्णन करताना, त्याचे पोट फुटून सगळी स्प्लांख्ना बाहेर आली असे त्याने लिहिले आहे. आणि त्याच लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्याच्या गीतात ‘आपल्या देवाच्या दयेची स्प्लांख्ना’ असा प्रयोग केला आहे. शरीर आणि माया हे दोन्ही अर्थ एकाच लेखकाच्या हाती जिवंत होते.

मराठी भाषांतरकारांनी यासाठी ‘कळवळा’ हा शब्द निवडला आणि तो निवडताना मराठीने आधीच केलेली मोठी कमाई त्यांना लाभली. कळवळणे म्हणजे वेदनेने व्याकूळ होणे. माणूस स्वतःच्या दुखण्याने कळवळतो आणि दुसऱ्याच्या दुखण्याचाही त्याला कळवळा येतो. म्हणजे दुसऱ्याचे दुखणे जिथे आपल्या पोटात शिरते तिथे हा शब्द जन्मतो. तुकोबांनी त्याची व्याख्याच करून ठेवली आहे: ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती’. तो अभंग लेकराचे हित वाहणाऱ्या माउलीविषयी आहे आणि त्यात पुढे ‘पोटीं भार वाहे’ असे शब्द येतात. हिब्रूतील गर्भाशयाची माया आणि देहूच्या अभंगातील पोटी भार वाहणारी माउली यांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध नाही, पण बायबलच्या या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगण्यासाठी मला याहून चांगला आधार माहीत नाही.

व्याकरणातही मराठी इथे ग्रीकच्या जवळ जाते. शुभवर्तमानांत हे क्रियापद बहुतेक ठिकाणी ‘एस्प्लांख्निस्थे’ अशा भूतकाळी रूपात किंवा त्याच्या कृदंतात येते आणि ते रूप घडणीने कर्मणी आहे. कर्ता काहीतरी करतो असे ते सांगत नाही. त्याच्या आत काहीतरी घडते असे सांगते. मराठीत आपण ‘मी दया करतो’ म्हणतो, पण ‘मी कळवळा करतो’ असे कोणी म्हणत नाही. मला कळवळा येतो, जशी मला भूक लागते किंवा मला रडू येते. दया करणारा वर उभा असतो आणि करायची की नाही हे त्याच्या हाती असते. कळवळा मात्र विचारून येत नाही.

नव्या करारात दयेसाठी दुसरे एक क्रियापद आहे, ‘एलेएओ’, आणि लोक येशूजवळ जे मागतात ते बहुधा याच शब्दाने मागतात. यरीहोच्या वाटेवरचे दोन आंधळे ‘आमच्यावर दया करा’ असे ओरडतात तेव्हा मत्तय एलेएओ वापरतो. येशू थांबून त्यांच्या डोळ्यांना स्पर्श करतो तेव्हा मात्र त्याच्याविषयी स्प्लांख्निझोमाइ येते. त्यांनी दया मागितली आणि त्याला कळवळा आला. नेमका हा कळवळाच कोणी शब्दाने मागितल्याचे एकच उदाहरण आहे, मार्काच्या नवव्या अध्यायात. झटके येणाऱ्या मुलाचा बाप म्हणतो की तुमच्याने काही होत असेल तर आमचा कळवळा येऊ द्या आणि आम्हांला मदत करा. आजारी मुलगा आहे, पण बाप ‘आमचा’ म्हणतो, आणि घरात दीर्घ आजारपण पाहिलेल्या कोणालाही त्या बहुवचनाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

बारा उल्लेखांपैकी ५ मत्तयात, ४ मार्कात आणि ३ लूकात आहेत. योहानात एकही नाही. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे क्रियापद कोणासाठी वापरले आहे ती. एकतर ते खुद्द येशूविषयी आहे, नाहीतर त्याने सांगितलेल्या दाखल्यांतील तीन व्यक्तींविषयी: नोकराचे कर्ज सोडणारा राजा, वाटेवरचा शोमरोनी आणि उधळ्या पुत्राचा बाप. शिष्यांना, परूश्यांना, गर्दीला किंवा दुसऱ्या कोणालाही हा शब्द शुभवर्तमानकारांनी लावलेला नाही. जुन्या करारात रखमीम बहुधा देवाचे असतात हे लक्षात घेतले, म्हणजे येशूसाठी हा शब्द राखून ठेवण्यात किती मोठा दावा दडलेला आहे ते दिसते. येशू दयाळू होता एवढेच शुभवर्तमानकारांना म्हणायचे नाही. इस्राएलाच्या देवाला आपल्या लेकरांविषयी जे वाटते ते इथे एका माणसाच्या पोटात हलले, असे ते सांगत आहेत.

लूकाच्या सातव्या अध्यायातील नाईन गावाचा प्रसंग पाहावा. गावाच्या वेशीतून एक प्रेतयात्रा बाहेर येते आहे. मेलेला तरुण आईचा एकुलता एक मुलगा आहे आणि आई विधवा आहे, म्हणजे त्या काळी तिचा उरलासुरला आधारही गेला. तिने येशूजवळ काहीही मागितलेले नाही, तो कोण हे तिला ठाऊक असल्याचे लूक सांगत नाही, तिच्या विश्वासाचाही उल्लेख नाही. ‘तिला पाहून प्रभूला तिचा कळवळा आला.’ मग तो तिला रडू नकोस म्हणतो, पुढे होऊन तिरडीला हात लावतो आणि वाहणारे थांबतात. मोशेच्या नियमाप्रमाणे प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध ठरे, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते.

पाहणे, कळवळा येणे आणि मग स्पर्श, हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. आंधळ्यांच्या डोळ्यांना हात लागतो, कुष्ठरोग्याला हात लागतो, शोमरोनी जखमा बांधतो, बाप गळ्यात मिठी मारतो. ज्याला शिवायला लोक कचरतील अशांनाच बहुधा तो हात लागलेला असतो. पण कळवळ्याची परिणती प्रत्येक वेळी एकसारखी नाही. पाच हजारांच्या भोजनाआधीचा प्रसंग मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात. शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून सगळे विसाव्यासाठी एकांतात निघाले होते आणि गर्दी आधीच तिथे पोहोचली. मत्तय म्हणतो की येशूला त्यांचा कळवळा आला आणि त्याने आजाऱ्यांना बरे केले. मार्क म्हणतो की कळवळा आला आणि तो त्यांना बऱ्याच गोष्टी शिकवू लागला. शिकवणे हेही कळवळ्याचे काम असू शकते, ही मार्काची नोंद माझ्या मनात फार दिवस राहिली आहे.

आता दाखल्यांकडे वळू. ॲरिस्टॉटलने करुणेची व्याख्या करताना म्हटले होते, की जो दुःखाला पात्र नसताना दुःख भोगतो आणि ज्याच्यासारखी वेळ आपल्यावरही येऊ शकेल, त्याच्याविषयी आपल्याला करुणा वाटते. ही व्याख्या समंजस आहे, पण मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील राजा तिच्यात बसत नाही. त्याच्या नोकराचे देणे १० हजार तालांत आहे. एक तालांत म्हणजे सुमारे ६ हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, तेव्हा हे कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. अशी वेळ राजावर येण्याचा प्रश्नच नाही, आणि नोकर निष्पाप आहे असेही कोणी म्हणत नाही. तरी राजाला कळवळा येतो आणि तो सारे देणे सोडून देतो. तोच नोकर बाहेर पडून १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, तेव्हा राजा त्याला विचारतो की मी जशी तुझ्यावर दया केली तशी तू त्याच्यावर करायला नको होतीस काय. इथे राजा आपला शब्द बदलतो आणि एलेएओ वापरतो. आत जे हलले ते बाहेर दया बनून दिसायला हवे होते आणि नोकराच्या बाबतीत तसे झाले नाही.

शोमरोन्याच्या दाखल्यात लुटारूंनी मारून वाटेवर अर्धमेला टाकलेल्या माणसाजवळून याजक, लेवी म्हणजे मंदिराचा सेवक, आणि शोमरोनी असे तिघे जातात, आणि तिघांसाठीही ‘पाहून’ हा एकच शब्द आहे. पहिले दोघे पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. का, ते दाखला सांगत नाही आणि आपणही कारणे रचू नयेत. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते, म्हणून ऐकणाऱ्यांनी तिसऱ्याकडून काहीच अपेक्षिले नसावे. त्याला मात्र कळवळा आला, आणि त्यानंतर लूकाची क्रियापदे एकामागून एक धावतात: जवळ गेला, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत आणले, सांभाळ केला, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून दिले. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती आचार्य ओरिजेनने या शोमरोन्यात ख्रिस्त पाहिला. दाखल्याचा हा एकमेव अर्थ आहे असे मी म्हणणार नाही, पण हे क्रियापद आणखी कोणासाठी वापरले जाते हे ध्यानात घेतले तर ते वाचन निराधार वाटत नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सगळे महत्त्व क्रमाला आहे. मुलाने दूरदेशी डुकरांमध्ये बसून क्षमायाचनेचे वाक्य जुळवून ठेवले आहे. तो अजून दूर आहे तोच बाप त्याला पाहतो, त्याला कळवळा येतो, तो धावत जातो, मिठी मारतो, मुके घेतो. आणि मग कुठे मुलाचे वाक्य सुरू होते, तेही पुरे होत नाही. मुलगा घराकडे वळला होता हे खरे, पण बापाच्या पोटातली खळबळ त्याचे शब्द ऐकून सुरू झालेली नाही. पुढे थोरला भाऊ येतो आणि त्याला राग येतो. ग्रीकमध्ये हे ‘राग आला’ आणि आधीचे ‘कळवळा आला’ एकाच घडणीची रूपे आहेत. एकाच मुलाला पाहून बापाच्या आत एक गोष्ट उसळली आणि भावाच्या आत दुसरी.

राग आणि कळवळा यांची गाठ हस्तलिखितांमध्येही पडते. मार्काच्या पहिल्या अध्यायाच्या ४१ व्या वचनात कुष्ठरोग्याला हात लावताना येशूला कळवळा आला असे चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन संहितांसह बहुतेक हस्तलिखिते म्हणतात. केंब्रिजमध्ये असलेल्या बेझा संहितेत आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत मात्र ‘रागावून’ असा पाठ आहे. अवघड शब्द सोपा केला जातो, सोपा शब्द अवघड केला जात नाही, या तर्काने काही अभ्यासक रागाचाच पाठ मूळ मानतात. न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या इंग्रजी बायबलच्या २०११ च्या आवृत्तीने तसेच केले. हस्तलिखितांचे वजन पाहता मला कळवळ्याचा पाठ अधिक विश्वसनीय वाटतो. दुसरा पाठ खरा ठरला, तरी तो राग त्या माणसावर नसून त्याला माणसांतून उठवणाऱ्या रोगावर असावा, कारण रागानंतरही हात पुढे येतो तो स्पर्श करण्यासाठीच.

या शब्दाने धर्मशास्त्रापुढे एक कठीण प्रश्न उभा केला. येशूच्या काळातील स्टोइक तत्त्वज्ञांना, म्हणजे मन भावनांपासून अलिप्त ठेवावे असे मानणाऱ्या पंथाला, करुणा हा मनाचा विकार वाटे. त्यांच्यापैकीच एक, इ.स. ६५ मध्ये मरण पावलेला रोमन लेखक सेनेका, राज्यकर्त्याच्या क्षमाशीलतेची स्तुती करतो, पण करुणेला दुबळ्या मनाचा दोष म्हणतो. आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांनीही देव विकाररहित आहे असेच शिकवले, आणि त्यामागे सबळ कारण होते: ज्याचे मन घटनांबरोबर हेलकावे खाते तो देव भरवशाचा कसा? मग ज्याची आतडी हलतात तो येशू देव कसा? इ.स. ४५१ च्या कॅल्सेडॉन परिषदेच्या भाषेत याचे उत्तर असे दिले जाते, की एकाच ख्रिस्तात देवाचा आणि माणसाचा असे दोन स्वभाव मिसळून न जाता एकत्र आहेत, आणि दुःख तो मानवी स्वभावात भोगतो. विसाव्या शतकात अनेकांना हे उत्तर अपुरे वाटले. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या जपानमध्ये १९४६ साली काझो किटामोरी यांनी देवाच्या वेदनेचे धर्मशास्त्र मांडले, आणि त्यासाठी आधार घेतला तो यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायातील विसाव्या वचनाचा, जिथे देव एफ्राइमाविषयी, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांविषयी, बोलताना आपली आतडी त्याच्यासाठी कळवळतात असे म्हणतो. देवाला शरीर नाही हे यिर्मयाला चांगले ठाऊक होते, तरीही दुसरा शब्द त्याला पुरेसा वाटला नाही, ही गोष्ट मी कोणत्याही सिद्धांताइतकीच गंभीरपणे घेतो.

नव्या करारातील अनेक पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने हे क्रियापद वापरले नाही, पण नाम पुष्कळदा वापरले. कलस्सै नगरातील ख्रिस्ती मंडळीला तो करुणेची स्प्लांख्ना वस्त्रासारखी धारण करायला सांगतो. योहानाच्या पहिल्या पत्रात याची उलट बाजू आहे: भावाला गरजवंत पाहून जो आपली स्प्लांख्ना बंद करून घेतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील? सर्वांत हृद्य उपयोग फिलेमोनाला लिहिलेल्या लहानशा पत्रात आहे, जिथे २५ वचनांत हा शब्द तीनदा येतो. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्यापासून दूर होऊन तुरुंगातल्या पौलाजवळ आला होता आणि पौल त्याला पत्र देऊन परत पाठवतो आहे. सुरुवातीला तो म्हणतो की बंधू, तुझ्यामुळे पवित्र जनांच्या काळजाला विसावा मिळाला. मग अनेसिमाविषयी म्हणतो की हा जो मी तुझ्याकडे पाठवतो आहे तो माझे काळीजच आहे. आणि पत्र संपवता संपवता फिलेमोनाकडे एक मागणे करतो: ख्रिस्तामध्ये माझ्या काळजाला विसावा दे.